गेटवरची पाटी

लू सुरू झाली की मी आधी बाल्कनीचं दार लावून घेते आणि मग नकळत जिन्याकडे कान देते. दार लावण्याचं कारण दिल्लीच्या आसपास राहणाऱ्या कुणाला सांगावं लागत नाही. ऊन वर आलं की राजस्थानाकडून तो कोरडा, भाजका वारा सुटतो, खिडक्यांच्या फटींतून आत येतो, आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बोट फिरवलं तर रेघ उमटते. जिन्याचं कारण मात्र माझं एकटीचं आहे. आमच्या इमारतीला आता लिफ्ट आहे, जिना पेपरवाल्याशिवाय कोणी वापरत नाही. तरी या दिवसांत भर दुपारी मला जिन्यात बादली टेकवल्याचा आवाज येतो. बादली टेकते आणि मग तिची कडी खाली पडते, तो. मी दार उघडून बघायला जात नाही.

यंदा लूबरोबर निवडणूकही आली आहे. सकाळपासून बाहेरच्या रस्त्यावर भोंगा लावलेली ई-रिक्षा फेऱ्या मारते. आमच्या गेटापाशी आली की आवाज मोठा होतो आणि मग लांब जातो, कारण तिला आत कोणी सोडत नाही. काल सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरीचा संदेश आला: ‘डियर रेज़िडेंट्स, हर बार की तरह इस बार भी पॉलिटिकल लोगों के लिए गेट बंद रहेगा. ग्रुप में भी कृपया नो पॉलिटिक्स.’ त्याखाली भराभर अंगठे उगवले. मी हे मुग्धाला, माझ्या मुलीला, फोनवर सांगितलं. ती गुडगावला एका काचेच्या इमारतीत काम करते आणि तिथेच जवळ राहते.

“बरोबरच आहे ना आई,” ती म्हणाली. “कोणी पण येऊ दे, क्या फ़र्क पड़ता है यार? पाणी आपण विकत घेतो, लाइट गेली तर जनरेटर आहे, गेटवर गार्ड आहे. गव्हर्नमेंटचा आपल्याशी संबंधच काय?”

मी फोन ठेवला. टीव्हीवर दर निवडणुकीला शहाणीसुरती माणसं गोल टेबलाभोवती बसतात आणि सुशिक्षित मध्यमवर्ग राजकारणाबद्दल इतका उदासीन का, यावर तावातावाने बोलतात. आळस म्हणतात, स्वार्थ म्हणतात. मला वाटतं, यांच्यातल्या एकाला तरी त्या उन्हाळ्यात आमच्या घरी बोलवायला हवं होतं. आम्ही आळशी मुळीच नव्हतो. आणि त्याने प्यायला पाणी मागितलं असतं तर आईने पेल्यात अर्धंच ओतलं असतं.

गेटवर अजून ती पाटी आहे. कितीदा तरी रंगवली गेली, पण मजकूर तोच: ‘विक्रेताओं तथा चुनाव प्रचारकों का प्रवेश वर्जित है. आज्ञा से, समिति.’ हा मजकूर माझ्या बाबांचा. त्यांना ऑफिसात राजभाषा पंधरवड्यात हिंदीचं बक्षीस मिळालं होतं, आणि ‘तथा’ हा शब्द त्यांना फार आवडायचा.

बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते. कराडजवळच्या खेड्यातून कारकून म्हणून दिल्लीला आले आणि सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाले. नाकासमोर चालणारा माणूस. आपण बरं आणि आपलं काम बरं. माझं सगळं लहानपण आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. शेजारी तमिळ, पलीकडे बंगाली, वर गढवाली, आणि सगळ्यांच्या भिंती एकाच पिवळट चुन्याच्या. तिथे नळ गळायला लागला की बाबा ‘इन्क्वायरी’त जाऊन तक्रार नोंदवून यायचे आणि सरकारी प्लंबर यायचा. बल्बच्या होल्डरपासून संडासाच्या साखळीपर्यंत सगळं सरकारचं. पाणी कुठून येतं, कोण पाठवतं, हा प्रश्न आम्हाला पडायचं कारणच नव्हतं. सरकार म्हणजे बाबांचं ऑफिस, आणि बाबा तर आमचेच होते.

राजकारण मात्र घरात वर्ज्य. कोणी पाहुणा जेवताना मंत्र्यांबद्दल बोलायला लागला की बाबा उठून खिडकी लावायचे. सरकारी नोकराने यात पडू नये, हा नियम होता, आणि बाबांनी नियमाची सवय केली, सवयीचा स्वभाव झाला. त्यांच्या ऑफिसात नेत्यांचे फोन यायचे: अमुक फाइल पुढे काढा, तमुक माणसाची बदली थांबवा. त्या दिवशी बाबा घरी येऊन आधी साबणाने हात धुवायचे. मला वाटायचं, फोन कानाला लावतात, मग हात का धुतात?

आणि गंमत अशी की आमच्या घराइतकी निवडणूक कुणाच्या घरात पाळली जात नसेल. प्रत्येक निवडणुकीत बाबांना ड्यूटी लागायची. आई आदल्या दिवशी धपाटे आणि लसणाची चटणी बांधून द्यायची, बाबा वळकटी आणि टॉर्च घेऊन निघायचे. दिल्लीच्या कुठल्या कोपऱ्यातल्या शाळेत जाऊन मतपेट्या मांडायचे, लाखेने सील करायचे. पण त्यांचं आवडतं काम शाई लावण्याचं. घरी आल्यावर आम्हाला करून दाखवायचे: डावा हात पुढे, तर्जनी सरळ, नखापासून कातडीपर्यंत एकच रेघ. “फाटे फुटता कामा नयेत,” म्हणायचे. पुढे कित्येक दिवस त्यांच्या उजव्या हाताची बोटं जांभळीकाळी असायची. त्या हाताने वरणभात कालवताना बघून आईला कसंतरी व्हायचं.

“आणि तुमचं मत?” तिने एकदा विचारलं होतं.

“आपली नावं गावच्या यादीत आहेत,” बाबा म्हणाले.

“तिथे कोण देणार?”

“कोणीतरी देत असेलच,” ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

यात वेगळं काही नव्हतं. दिल्लीतल्या आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांचं असंच होतं. देह दिल्लीत, नाव गावात. यादीतून नाव काढून इकडे आणायचं म्हणजे गाव तुटल्यासारखं वाटायचं. भावकी काय म्हणेल, उद्या जमिनीत हिस्सा राहील की नाही. शिवाय आपण इथे कायमचे थोडेच आहोत, निवृत्त झालो की परत जायचंच आहे, असं सगळे एकमेकांना सांगायचे. गेलं कोणीच नाही. गावाकडचा खासदार आम्हाला लागायचा तो उन्हाळ्याच्या सुट्टीत, रेल्वेच्या कोट्यातून तिकीट पक्कं करण्यापुरता.

मग तो काळ आला. देश एकदम घाईत असल्यासारखा वागायला लागला. टीव्हीवर नवनवी चॅनेलं, रस्त्यावर नव्या गाड्या, बाटलीबंद थंड पेयांच्या भिंतभर जाहिराती. यमुनेपलीकडे, उत्तर प्रदेशच्या हद्दीत, उसाच्या आणि गव्हाच्या शेतांत पाट्या उभ्या राहिल्या: अमुक विहार, तमुक एन्क्लेव्ह. बाबांच्या मंत्रालयातल्या लोकांनी मिळून सोसायटी काढली, जमीन घेतली, सोडतीत आम्हाला तिसरा मजला मिळाला. बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं, आणि आम्ही सामान ट्रकमध्ये घालून नदी ओलांडली. मी तेव्हा बी.एड. करत होते.

आईचा त्या दिवशीचा चेहरा मला अजून दिसतो. सामान उतरायच्या आधी तिने हातोडी मागून घेतली आणि समोरच्या भिंतीत एक खिळा ठोकला. त्याला टांगायला काही नव्हतं. क्वार्टरमध्ये सगळं आयुष्य ती खिळा ठोकताना कचरत आली होती. सरकारची भिंत, उद्या नुकसान म्हणून लिहून घेतील. आता ती त्या मोकळ्या खिळ्याकडे बघत म्हणाली, “हे माझं घर. आता इथून मला कोणी हलवायचं नाही.” तिला एवढंच हवं होतं. फार नव्हतं ते.

हिवाळा सुखाचा गेला. गच्चीवरून पिवळी मोहरी दिसायची, लांबवर शेजारच्या गावातल्या चुलींचा धूर. होळी झाली, वारा फिरला, आणि आमच्या बोअरची मोटर जळाली. दुरुस्त केली, पुन्हा जळाली. पाणी खाली गेलं होतं. नळाची पाइपलाइन जमिनीत घातलेली होती, पण तिच्यात पाणी सोडायचं कोणी, हे ठरलेलं नव्हतं. बाबा एका कचेरीत गेले, तिथे म्हणाले, कॉलनी अजून आमच्याकडे सोपवलेली नाही, पालिकेत जा. पालिकेत म्हणाले, तुम्ही आमच्या हद्दीतच नाही. गावच्या पंचायतीने तर ओळखच दाखवली नाही. ना घर का ना घाट का म्हणतात तसे आम्ही होतो. दिल्ली पलीकडे राहिली होती आणि अलीकडे अजून काही सुरू झालं नव्हतं.

दुसरा कोणी असता तर चिडला असता. बाबा उलट खुलले. आता काम त्यांच्या ओळखीच्या रस्त्याला लागलं होतं. ते सोसायटीचे सेक्रेटरी होते. टेबलाशी बसून सुवाच्य अक्षरात अर्ज लिहायचे, संदर्भ द्यायचे, प्रत कुणाकुणाला ते खाली लिहायचे, आवक क्रमांक घेऊन यायचे आणि आईला तो क्रमांक दाखवायचे. “आता फाइल उघडली. फाइल उघडली की काम थांबत नाही.” आई स्वयंपाकघरात एका तांब्याच्या पाण्यात भाजी धुऊन तेच पाणी भांड्यांना वापरत असायची. “सरकारी काम, सहा महिने थांब,” ती म्हणायची. “तुम्हीच सांगायचात ना?” बाबांचा मात्र विश्वास होता. जन्मभर त्यांनी फाइलींवर रीतसर शेरे मारले होते, त्यातून कुठेतरी कुणाच्या नळाला पाणी आलंच असणार. मग आपल्याही येईल.

आणि नेमकी त्या उन्हाळ्यात निवडणूक लागली.

सोसायटीच्या सभेत, खालच्या मोकळ्या पार्किंगमध्ये, तिसऱ्या प्रहरी सगळी निवृत्त मंडळी खुर्च्या टाकून बसली होती. खालच्या मजल्यावरचे श्रीवास्तवजी दबकत म्हणाले, “मैं तो कहता हूँ, एक बार नेताजी से मिल लेते हैं. इलेक्शन का टाइम है, टैंकर तो भिजवा ही देंगे.”

बाबांना ते सहन झालं नाही. “श्रीवास्तवजी, हम लोग पढ़े-लिखे लोग हैं. हाथ जोड़कर पानी माँगेंगे? हमने प्रॉपर चैनल से अप्लाई किया है.”

‘प्रॉपर चॅनेल’ म्हटल्यावर सगळ्यांच्या माना हलल्या. तिथला प्रत्येक माणूस त्या चॅनेलमधूनच वर आला होता. त्याच सभेत पाटीचा ठराव झाला. दुपारी बायका-माणसं झोपलेली असतात, कुणीही पत्रकं घेऊन आत घुसतं, भिंतींना पोस्टर चिकटवतं, तेव्हा मनाई असावी. एकमताने मंजूर. बाबांनी मजकूर दिला, पेंटर आला, पाटी लागली. संध्याकाळी ती बघायला सगळे गेटपर्यंत फिरायला गेले. आम्हाला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. बाकीच्या जगात चिखलफेक चालली होती आणि आमची कॉलनी स्वच्छ होती. अंघोळ मात्र एक दिवसाआड.

सगळे उपाय हरल्यावर बाबा एकदा, फक्त एकदा, राजकारणाच्या दारात गेले, आणि तेही आपल्याच माणसाच्या. दिल्लीतल्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात गावाकडचे खासदार उतरले होते. बाबांचं नाव त्यांच्या मतदारसंघात होतं, म्हणजे हक्काने जाता येत होतं. मी सोबत होते. खासदार भेटले नाहीत, त्यांचा स्वीय सहायक भेटला, तरुण, गोड बोलणारा. त्याने कांदेपोहे मागवले. खिडकीबाहेर बागेत रबरी नळी मोकळी सोडलेली होती आणि पाणी हिरवळीवरून वाहत होतं. मी सगळा वेळ तिकडेच बघत होते.

“काका, तुमची अडचण कळतेय मला,” तो म्हणाला. “पण पाणी यूपीतलं. आमच्या साहेबांचं तिथे कोण ऐकणार? तुम्ही तिथल्या माणसाला भेटा ना.”

“तिथे आमचं मत नाही,” बाबा म्हणाले.

त्यालाही वाईट वाटलं असावं. “गावाकडे जायचं असेल तर सांगा,” तो म्हणाला. “कोट्यातून तिकीट कन्फर्म करून देतो.”

परत येताना बस पुलावर आली तेव्हा खाली नदीचं काळं, बारीक पाणी दिसलं. घरी आईने विचारलं, काय झालं? मी सांगितलं. ती म्हणाली, “विश्वास तर पानिपतच्या लढाईतच गेला. तुम्ही कुठे शोधत बसलात?” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती बादली घेऊन शेजारच्या गावात गेली.

गावाच्या तोंडाशी, पिंपळाखाली, उमेदवाराने मोठी काळी प्लास्टिकची टाकी बसवली होती. तिच्यावर त्याचं नाव आणि निशाणी. रोज टँकर येऊन ती भरून जायचा. रांगेत ओढण्या डोक्यावरून घेतलेल्या बायका, आणि त्यांच्यात सुती पाचवारी साडीतली माझी आई. पहिल्या दिवशी तिला कोणी उभं राहू देईना. मग बिरमती नावाच्या एका बाईने तिचा हात धरून तिला आपल्यापुढे घेतलं. मी दुसऱ्या दिवसापासून आईबरोबर जायला लागले, तेव्हा बिरमती मला म्हणाली, “तेरी माँ हमें कोठी की ना लगे. पर तुम लोगों के यहाँ टंकी क्यूँ ना लगी? इत्ते बड़े-बड़े मकान.”

आई म्हणाली, “हमारा वोट नहीं है इधर.”

बिरमती हसत सुटली, मग तिला आईच्या चेहऱ्यावरून कळलं की हे खरं आहे. “हाय राम,” ती म्हणाली. “म्हारे तो नेता चूल्हे गिनके गया है.”

“चुनाव के बाद भी पानी आएगा?” आईने विचारलं.

“कहाँ आवेगा! पिछली बार भी ना आया. पर इन दिनों तो आ जावे है, बहनजी. इत्ता भी क्यूँ छोड़ें?”

आई वाटेत मला म्हणाली, “हिचं बरोबर आहे बघ.” तेव्हापासून ती घरी बाबांशी पाण्याबद्दल बोलेनाशी झाली. बादल्या आणायची, माठ भरायची, बाबांच्या अंघोळीचं पाणी वेगळं काढून ठेवायची. बाबा ते पाणी कुठून आलं ते विचारत नसत. मी गेले तर मी दोन बादल्या आणायचे, पण मला कॉलेज असायचं, आणि दुपारी टँकर दुसऱ्यांदा आला की आई एकटीच जायची. तिसरा मजला. लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती.

ती दुपार मात्र मी घरी होते. लू अशी सुटली होती की समोरचं गाव धुळीत दिसेनासं झालं होतं. गेटापाशी दोन जीपगाड्या थांबल्या. उमेदवार स्वतः उतरला, पांढरा झब्बा, गळ्यात झेंडूच्या सुकलेल्या माळा. गेटवर कदमकाका होते, फौजेतून निवृत्त झालेले, आपल्याच जिल्ह्यातले. बाबांनीच त्यांना चौकीदार म्हणून आणलं होतं. हुकूम म्हणजे हुकूम. त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं.

“ताऊ, पढ़ लिया बोर्ड,” उमेदवार म्हणाला. “किसी को बुला तो दो. पानी-वानी की कोई दिक़्क़त हो तो बता दें.”

कदमकाका वर येऊन बाबांना विचारून गेले. बाबा आरामखुर्चीत बसले होते. म्हणाले, “सांगा, समितीचा निर्णय आहे. धन्यवाद म्हणावं.” कदमकाकांनी खाली जाऊन सलाम ठोकून तसं सांगितलं. उमेदवाराने एकदा आमच्या चारही मजल्यांकडे मान वर करून बघितलं. पाण्याविना फिरणाऱ्या कूलरशिवाय एकही आवाज नव्हता. “सुखी लोग हैं भाई,” तो हसून म्हणाला. “चलो.”

आई तेव्हा बादली घेऊन दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात होती. खाली जाणाऱ्या कदमकाकांनी तिला सांगितलं, कोण आलंय, काय विचारतोय. तिने बादली तिथेच टेकवली आणि पदर सावरत उतरत सुटली. मी वरून बाल्कनीतून बघत होते. ती गेटातून बाहेर आली तेव्हा जीपगाड्या वळणावर होत्या. तिने हात वर केला. “ओ भाईसाब!” तिचा आवाज मला वरपर्यंत आला, त्यांना गेला नाही. मग ती नुसतीच त्या धुळीत उभी राहिली, चपला धावताना जिन्यातच निसटलेल्या, आणि रस्ता तापलेला असल्यामुळे एकेक पाय उचलत होती.

वर आल्यावर ती बाबांसमोर उभी राहिली. मी तिला इतकी चिडलेली आधी पाहिली नव्हती.

“तो पाणी विचारत होता.”

“मतांसाठी विचारत होता,” बाबा म्हणाले.

“मग? कशासाठी का विचारेना! तुम्ही ज्यांच्या दारात गेलात त्यांनी कुणी विचारलं तरी का?”

“अगं, आज त्याच्याकडून टँकर घेतला की उद्या तो दारात येऊन बसेल.”

“बसू दे की. चहा करून देईन मी त्याला. घरात पाणी असलं तर.”

बाबांनी उठून खिडकी लावली.

त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर जिन्यात पाणी होतं. पायऱ्यांवरून ओघळत खालपर्यंत आलेलं, आणि मला वाटलं, आलं! नळाला पाणी आलं आणि टाकी भरून वाहतेय. मी आनंदाने दोन-दोन पायऱ्या चढले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आई पडलेली होती. बादली आडवी. डोळे उघडे, तोंड वाकडं झालेलं, आणि उजव्या हाताने ती पदराने पायऱ्यांवरचं पाणी टिपायचा प्रयत्न करत होती.

श्रीवास्तवजींनी त्यांच्या मारुतीतून तिला दिल्लीला नेलं. आई वाचली. डावी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, ब्लड प्रेशर होतं, कधीतरी हे होणारच होतं, उन्हाचं निमित्त झालं. हे वाक्य बाबांनी धरून ठेवलं. येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, “कधीतरी होणारच होतं,” आणि मग दुसऱ्या खोलीत जायचे.

निवडणूक झाली. गावातला टँकर बंद झाला, काळी टाकी उन्हात तडकली, पुढे कोणीतरी ती अर्धी कापून म्हशींना चारा घालायला नेली. बिरमती आईला बघायला आली तेव्हा कदमकाकांनी तिला आधी गेटवर अडवलं, मी खाली जाऊन आणली. ती पलंगाशी बसून आईचा डावा हात चोळत राहिली. म्हणाली, “देख लियो, म्हारे यहाँ भी सूख गई.” दोघीही हसल्या. मला ते हसणं ऐकवलं नाही.

पाणी पुढे आलं, पण त्यात आमचाही हात नव्हता आणि पुढाऱ्यांचाही. रस्ता रुंद झाला, पूल झाले, मोहरीच्या जागी मॉल आले, आणि ज्याला परवडलं त्याने सगळं विकत घेतलं. खोल बोअर, मोठा पंप, जनरेटर, गार्ड, घरी येणारे पाण्याचे जार. सरकारची जी जी वस्तू मिळाली नाही ती आम्ही आपापली आणून घरात बसवली, आणि मग म्हणालो, आम्हाला काय त्याचं. मुग्धा याच घरात वाढली. तिने पाणी मागावं लागतं हे पाहिलंच नाही, मग मागायचं कुणाकडे हे तिला कुठून कळणार? तिला मी काय सांगू? मत दिलं असतं तर तुझी आजी जिन्यात पडली नसती, असं? बिरमतीने तर दर वेळी दिलं. गाव आता सगळ्या बाजूंनी इमारतींत अडकलं आहे आणि तिच्या सुना आमच्याच इमारतींत भांडी घासायला येतात. देऊन तिचं काही झालं नाही, न देऊन आमचं काही झालं नाही. या विचारापाशी मी दर उन्हाळ्यात येते आणि इथून पुढे मला रस्ता दिसत नाही.

तरी एक गोष्ट बाबांनी केली. पाटी कधी काढली नाही, त्याबद्दल बोललेही नाहीत. पण एक दिवस कुणाला न सांगता गावच्या यादीतली आपली दोघांची नावं काढायला लावली आणि इथे घातली. भावकीचं रागावलेलं पत्र आलं, त्याला उत्तर दिलं नाही. पुढच्या निवडणुकीला, अशाच लूच्या दिवसांत, त्यांनी सकाळी मला आईला इस्त्रीची साडी नेसवायला सांगितली. कदमकाका आणि श्रीवास्तवजी यांनी खुर्ची धरून तिला तिसऱ्या मजल्यावरून खाली आणलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिने डोळे मिटून घेतले.

केंद्र गावातल्या शाळेत होतं, पिंपळापलीकडे. आमच्या सोसायटीतलं आणखी कोणी आलेलं मला दिसलं नाही. टेबलाशी बसलेला कर्मचारी एखादा बाबूच असणार, बाबांसारखा. तो म्हणाला, “माताजी, बायाँ हाथ.” तो हात आईला उचलता येत नव्हता. बाबांनी पुढे होऊन तो मांडीवरून उचलला, टेबलावर ठेवला, मिटलेल्या बोटांतून तर्जनी सोडवली आणि सरळ धरली. आयुष्यभर त्यांनी अशी किती बोटं धरली असतील. त्या माणसाने काडी बुडवून शाई लावली. रेघ जरा वाकडी आली, फाटे फुटले. बाबांनी हात तसाच धरून ठेवला.

आई समोर मतदानाच्या यंत्राकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, “लावली का?”

“लावली,” बाबा म्हणाले.

“मला काहीच कळलं नाही.”

बाबांनी तिचं बोट उचलून तिच्या डोळ्यांसमोर धरलं. तिने ते नीट बघितलं, ती ओली काळी रेघ, नखावरून कातडीवर उतरलेली.

“दुसऱ्याच कुणाचं वाटतंय,” ती म्हणाली.